दुसरी वेलांटी

भांडण वेलांटीवरून होतं. हसू नका. माणसं बांधावरून भांडतात, सामाईक भिंतीवरून भांडतात, जिन्याखालच्या अडगळीवरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मग वेलांटीनेच काय घोडं मारलंय?

संगीतकाराला जाऊन वर्ष झालं होतं. जिवंत होता तोवर गल्लीत त्याची ओळख म्हणजे 'कोपऱ्यावरचा तो, खिडकी उघडी टाकून गाणारा'. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घ्या म्हणून दोनदा निरोप पाठवले होते. तो गेला आणि त्याच शेजाऱ्यांना आठवायला लागलं, की आम्ही त्याच्या सुरावरच तर झोपी जायचो. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मग एक स्मारक समिती झाली, समितीला अध्यक्ष झाले, आणि ठरलं की संगीतकाराच्या घराच्या दर्शनी भिंतीवर एक कोरीव दगड बसवायचा. संगीतकाराचं नाव, खाली त्याच्या वडिलांचं नाव, त्याखाली अनावरण करणाऱ्यांची नावं. काम सोपं होतं. पण वडिलांचं आडनाव लिहायची वेळ आली आणि गाडं अडलं.

आडनावातल्या मधल्या अक्षराला वेलांटी पहिली की दुसरी? पहिली दिली तर ते आडनाव डोंगराकडच्या लोकांचं होत होतं, जे पिढ्यान्‌पिढ्या वाद्यं बनवत आले. दुसरी दिली तर ते पुलापलीकडच्या लाकडाच्या वखारवाल्यांचं होत होतं, ज्यांच्या घरात गाणं कुणाला येत नसलं तरी नाव मोठं होतं. संगीतकाराने स्वतः जन्मभर पहिली वेलांटी लावली. त्याच्या वडिलांच्या जुन्या कागदांवर मात्र दुसरी होती. एका घरात बाप एका वेलांटीचा आणि मुलगा दुसऱ्या वेलांटीचा, म्हणजे संशोधन करणाऱ्यांची चंगळच झाली.

याचा निकाल लावू शकेल असं एकच माणूस शिल्लक होतं. संगीतकाराची थोरली बहीण. तिला आपण आत्याच म्हणू, कारण तिला हाक मारणारं आता एकच माणूस घरात उरलं होतं, संगीतकाराची मुलगी, आणि ती तिला आत्या म्हणायची. आत्याचं वय एक्याऐंशी. लग्न केलं नाही, त्यामुळे ते वादातलं आडनाव तिचंही होतं. तिने चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. तिच्या हाताखालून चुकीचा काना सुटून गेला असं कधी झालं नाही म्हणून छापखान्यातली माणसं तिला वेलांटीबाई म्हणायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

समितीने दगडावरच्या मजकुराचं प्रूफ कागदावर काढून तिच्याकडे पाठवलं. आडनावाच्या जागी दोन्ही रूपं छापली होती. जे चूक असेल ते खोडा आणि खाली सही करा, असा निरोप. शुक्रवारी दुपारी दगड कोरणारा येणार होता.

"आजी, नीट बघा हं," तो आधी माप घ्यायला आला तेव्हाच बजावून गेला होता. "एकदा छिन्नी लागली की माझ्या हातात काही नाही."

आत्याने सवयीने आधी मजकुराभोवतीच्या जागा पाहिल्या, मग ओळी मोजल्या. खालच्या नावांमागे सात वेळा 'श्री.' होतं. अध्यक्षांच्या मागे तर 'मा.' सुद्धा होतं. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, नावामागे काही नव्हतं. तिने लाल पेन उघडलं आणि पुन्हा बंद करून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी प्राध्यापक आले. डोंगराकडची बाजू त्यांची. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक पिवळा पडलेला कागद काढला. एकसष्ट वर्षांपूर्वीची, संगीतकाराच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाची पत्रिका.

"हा सगळ्यात जुना पुरावा," प्राध्यापक म्हणाले. "आणि बघा, पहिली वेलांटी. छापणारे कोण, तर खुद्द तुमचे वडील. स्वतःचं आडनाव बाप चुकीचं छापेल का? मुलगा मोठ्या व्यासपीठावर जातोय म्हटल्यावर त्यांनी आपलं मूळ उघड केलं. माझा सबंध लेख त्याच्यावरच उभा आहे."

आत्याने ती पत्रिका हातात घेतली. डोळ्यांजवळ नेऊन तिने आडनावावर अंगठा फिरवला. प्राध्यापकांना वाटलं वय झालं.

"लेख छापून आला का?" तिने विचारलं.

"पुढच्या महिन्यात येतोय."

"मग थांबवता आला तर बघा," आत्या म्हणाली आणि चहा आणायला उठली. प्राध्यापक चहा पिऊन निघाले, पत्रिका मात्र तिच्यासाठी टेबलावर ठेवून गेले.

संध्याकाळी वकील आले. हे पुलापलीकडचे, वखारवाल्यांचे पणतू. त्यांनी वंशावळीची भलीमोठी गुंडाळी टेबलावर उलगडली, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर आत्याच्याच घरातल्या वस्तू ठेवल्या, आणि एका फांदीवर बोट टेकवलं. तिथे एक मुलगा होता, नावापुढे काहीच नव्हतं.

"हे आमच्या पणजोबांचे धाकटे भाऊ. लहानपणी घर सोडून गेले. कुठे गेले पत्ता नाही. वय जुळतं, आडनाव जुळतं. बाई, तुमचे अण्णा आमचेच. इतकी वर्षं आपण परक्यासारखे राहिलो, याचं मला फार वाईट वाटतं."

आत्याने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "फार वाईट वाटतंय?"

"फार."

"अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा तुमच्या वखारीवर एक फळी मागायला गेले होते मी. पलंगाला टेकू हवा होता. तुमच्या आजोबांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, या आडनावाचे सगळेच काही आमचे लागत नाहीत."

वकिलांनी वंशावळ गुंडाळायला घेतली. एका कोपऱ्यावरची आत्याची अडकित्त्याएवढी लोखंडी कात्री तेवढी गुंडाळीत गेली, ती जिन्यावरून परत आणून द्यावी लागली.

भाची हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. ती पन्नाशीची, शाळेत गणित शिकवायची. दोन अधिक दोन जिथे चार होत नाहीत तिथे तिला चैन पडत नसे.

"आत्या, तुला खरं माहीत आहे," वकील गेल्यावर ती म्हणाली. "तोंडावरून कळतंय. मग सांगून का टाकत नाहीस? पहिली तर पहिली, दुसरी तर दुसरी."

"इतकं सोपं असतं तर बाई, मी कशाला अडवून धरलं असतं."

आत्याला खरंच माहीत होतं. आणि तिला दोन गोष्टींची भीती होती. खरं सांगितलं तर मेलेल्या भावाच्या पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर अण्णा कायमचे परक्यांच्या घरचे होऊन दगडावर बसतील, ज्यांनी हयातीत त्यांना फळी दिली नाही त्यांच्या घरचे. आणि हे ठरवायला शुक्रवारपर्यंतचा वेळ.

प्राध्यापक ठेवून गेले होते ती पत्रिका तिने पुन्हा हातात घेतली. शाईला आता वास नव्हता, तरी तिने तो कागद नाकाशी नेला.

छापखाना म्हणजे एक लांबोळकी खोली होती. एका बाजूला उंच खिडक्या, त्यांच्याखाली उतरत्या लाकडी केसी, आणि प्रत्येक केसीत खणच खण. एका खणात एक अक्षर. अण्णा दिवसभर त्यांच्यापुढे उभे असायचे. डाव्या हातात ओळ जुळवायची लोखंडी स्टिक, आणि उजवा हात न बघता बरोबर त्या त्या खणात जायचा. अक्षराचा शिशाचा खिळा उचलून स्टिकमध्ये टाकला की टक्‌ असा आवाज व्हायचा. साधं अक्षर जवळच्या खणात, त्यामुळे आवाज लवकर यायचा. जोडाक्षर लांबच्या खणात, मग तो उशिरा यायचा. धाकटा भाऊ कागदाच्या गठ्ठ्यावर बसून त्या आवाजावर मांडीवर ठेका धरायचा आणि लांबचं अक्षर आलं की वाट बघत हात हवेत धरून ठेवायचा. पुढे त्याच्या चालींमध्ये जी ती थांबायची जागा असायची, जिच्यावर लोक माना डोलवायचे, ती कुठून आली हे आत्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला ती ऐकताना दरवेळी खिळे धुवायच्या रॉकेलचा वास यायचा.

अण्णांची बोटं आंघोळ केल्यावरसुद्धा काळी असायची. घरात ते काही बोलायचे नाहीत, पण पाटावर बसले की कुठलाही छापील कागद उलटा धरून सहज वाचायचे. मुलं खूप हसायची. इतर माणसं आधी सुलटं वाचायला शिकतात, अण्णा आधी उलटं शिकले आणि सुलटं नंतर, हे तिला तेव्हा गमतीचं वाटे. कसं आणि कुठे शिकले, हा प्रश्न पडला नाही. बापाला लहानपण होतं हे मुलांच्या लक्षातच कुठे येतं.

त्या दिवशी धाकटा सतरा वर्षांचा होता आणि ती वीस. संध्याकाळी सातला त्याचा कार्यक्रम, आणि दुपारचे तीन वाजले तरी पत्रिका मशीनवर चढली नव्हती, कारण आयोजकांकडून नावं येतच होती. मालकांच्या ओळखीचे, आयोजकांच्या ओळखीचे, कुणी खुर्च्या दिलेल्या, कुणी नुसताच होकार दिलेला. शेवटी ओलं प्रूफ तिच्या हातात आलं. ती खिडकीशी गेली, वाचलं, आणि धाकट्याच्या आडनावाशी तिचं पेन थांबलं.

"अण्णा, चुकलंय. पहिली लागली आहे."

"चुकलं नाही," अण्णा म्हणाले. "संपल्या."

"संपल्या म्हणजे?"

"दुसऱ्या वेलांट्या संपल्या. बेचाळीस माणसं आहेत त्यात, बेचाळीस श्री. श्रीचा जोडखिळा कधीच झिजून गेला, वेलांटी वेगळी लावावी लागते. बेचाळीस तिथेच गेल्या. उरलेल्या मजकुरात गेल्या. धाकट्याच्या नावाशी आलो तर खण रिकामा."

"मग त्यातली एक काढा. हा बघा, सगळ्यात शेवटचा, खुर्च्यावाला. त्याचं श्री ऱ्हस्व झालं तर कुणाला कळणार आहे?"

"त्याला कळेल. माणूस सबंध पत्रिकेत आपलंच नाव वाचतो. त्यांना मान लागतो, बाई."

"आणि आपल्याला लागत नाही?"

ती चिडली होती. प्रूफवाचकाला चूक दिसावी आणि दुरुस्त करू देऊ नये, याच्यासारखा छळ नाही. शिवाय नाव तिच्या भावाचं, तिच्या बापाचं, तिचं स्वतःचं. अण्णांनी आधी मागे वळून बघितलं, धाकटा जवळपास नाही याची खात्री करून घेतली, आणि मग नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "नावच उसनं आहे, त्यात वेलांटीचं काय घेऊन बसलीस."

मशीनवाला रूळ पुसत होता तेवढ्या वेळात त्यांनी सांगून टाकलं. ते सात-आठ वर्षांचे असताना छापखान्याच्या फाटकाशी, कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये झोपलेले मालकांना सापडले. आई कोण, बाप कोण, ठाऊक नाही. मालकांनी ठेवून घेतलं, झाडू दिला, मग खिळे वेगळे करायला दिले. पुढे शिरगणतीवाला आला आणि आडनाव विचारू लागला. फळीवर एक जुळवलेली ओळ दोऱ्याने बांधून ठेवलेली होती, कुणाची तरी नावाची कार्डं छापायची. तो माणूस कार्डं न्यायला आलाच नाही. ती ओळ बरेच दिवस तशीच पडून होती आणि पोराला ती उलटी वाचता येत होती. त्याने तीच वाचून दाखवली.

"ज्याचं होतं तो परत मागायला आला नाही," अण्णा म्हणाले. "म्हणून राहिलं माझ्याकडे. धाकट्याला बोलू नकोस. आज व्यासपीठावर ताठ मानेने बसू दे त्याला."

तिने प्रूफावर 'छापा' असं लिहिलं आणि सही केली. वेलांटीबाईच्या हाताखालून सुटलेली ती एकच चूक, आणि ती तिने डोळ्यांदेखत सोडली. संध्याकाळी टाळ्या पडल्या, पत्रिका घरोघर गेल्या, आणि धाकट्याने पत्रिकेत छापलंय तसंच नाव लिहायला सुरुवात केली. तिने त्याला कधीच काही विचारलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

हे सगळं तिने गुरुवारी भाचीला सांगितलं. सांगताना रडली नाही, पण मध्ये एकदा उठून उगाच खिडकी लावून आली.

"बाबांना कळू दिलं नाहीस तू," भाची म्हणाली.

"शब्द दिला होता."

"आत्या, मुलाखतीत लोक बाबांना विचारायचे ना, तुमचं घराणं कोणतं म्हणून. ते काय म्हणायचे आठवतं?"

"खिळ्यांचं घराणं. गंमत करायचा मेला."

"गंमत नव्हती. मी कॉलेजात असताना एकदा मी विचारलं, बाबा, आपण मूळचे कुठले? ते म्हणाले, आपण अण्णांपासून सुरू होतो. त्याच्या मागे शोधत बसू नकोस, मागे फक्त कागदाचे गठ्ठे आहेत."

आत्याने हातातला कप खाली ठेवला. तो बशीत न बसता टेबलावर बसला आणि चहा सांडला, पण पुसायला कुणी उठलं नाही. धाकट्याला ठाऊक होतं. अण्णांनी सांगितलं की मशीनमागे उभा राहून त्याने ऐकलं, देव जाणे. ताईला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नाही आणि त्याला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नाही. साठ वर्षं दोघांनी एकाच गोष्टीवर बसून काढली, शेजारी शेजारी. केवढे मूर्ख होतो आपण, असं तिला वाटलं, आणि मग तिला त्याची इतकी आठवण आली की पदराचं टोक डोळ्यांना लावून ती हसायलाच लागली.

शुक्रवारी दुपारी पुढच्या खोलीत सगळे जमले. प्राध्यापक, वकील, अध्यक्ष, आणि दाराशी पायातलं काढून उभा असलेला दगड कोरणारा. आत्याने कुठलीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. फाटक, गठ्ठे, दोऱ्याने बांधलेली ओळ, बेचाळीस श्री.

प्राध्यापकांनी पत्रिकेचं पाकीट हळूच पिशवीत सरकवलं. त्यांचा सबंध लेख एका रिकाम्या खणावर उभा होता, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. वकिलांनी मात्र इतक्यात हार मानली नाही.

"पण ती कार्डं," ते म्हणाले, "ती आमच्याच कुणाची असू शकतील. म्हणजे नाव शेवटी आमचंच."

"असेल की," आत्या म्हणाली. "मग इतकी वर्षं न्यायला का आला नाहीत?"

अध्यक्ष खोकले. "बाई, हे सगळं ठीक आहे. पण दगडावर हे असं... म्हणजे बेवारशी वगैरे... बरं दिसेल का? आपण एखादी वेलांटी ठरवून टाकू. लोकांना काय फरक पडतो?"

आत्याने प्रूफ पुढे ओढलं, लाल पेन उघडलं. संगीतकाराच्या नावाला तिने हात लावला नाही, त्याने जन्मभर लिहिलं तसं, पहिल्या वेलांटीचंच, ते राहू दिलं. वडिलांच्या नावावर आली तेव्हा तिने आडनावाची दोन्ही रूपं आडव्या रेघेने काढून टाकली आणि समासात काढून टाकल्याची खूण केली, चाळीस वर्षं करायची तशी. मग उरलेल्या जागेत सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर सही केली आणि कागद सरळ दगड कोरणाऱ्याच्या हातात दिला, अध्यक्षांच्या नाही.

तो कागद उजेडाकडे धरून अक्षर अक्षर लावत वाचू लागला. "वडील... श्री... अण्णा... खिळे जुळवणारे." म्हाताऱ्या हाताने काढलेली अक्षरं थोडी हलली होती. त्याने एका ठिकाणी नखाने खूण केली.

"आजी, तुम्ही हे नवीन घातलंय, नावाच्या आधी. श्री. याच्यावरची ही वेलांटी पहिली की दुसरी?"

"दुसरी," आत्या म्हणाली. "चांगली लांब कोर. आणि जागा कमी पडली तर अध्यक्षांची काढ."